बांधणारा आणि राहणारा

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळी जन्मली त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा हे दोघे एकच असत. चिरे रचणारा गवंडी वेगळा असेल, वासे तासणारा सुतार वेगळा असेल. पण ओटी केवढी असावी, माजघरात उजेड कोठून यावा, बाळंतिणीची खोली कोणत्या अंगाला असावी, हे ठरवीत असे घरधनी. आणि त्याच्याहीपेक्षा अधिक, घरातली म्हातारी. घर चुकले तर त्या चुकीचा त्रास चूक करणाऱ्यालाच होई. त्यामुळे घराच्या बाबतीत न्याय-अन्यायाचा प्रश्न फारसा निघतच नसे. जो बांधी तोच भोगी.

आता या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस आला आहे. तो कागदावर रेघा ओढतो, आणि त्या रेघांच्या आत कोणी तरी अनोळखी माणूस आपला जन्म काढतो. रेघ ओढणाऱ्याचा त्या घरावर हक्क किती, आणि राहणाऱ्याचा किती? मला हा प्रश्न पडावा असे वास्तविक काही कारण नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. एका लहानशा खासगी शाळेत मुलांना अक्षरे गिरवायला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. वास्तुशास्त्राशी माझा संबंध इतकाच की पावसाळ्यात माझ्या शाळेचे छप्पर गळते. पण गेल्या वर्षी वैशाखात एका वास्तुशांतीच्या जेवणाला गेलो, आणि हा प्रश्न जणू पानात वाढून समोर आला.

वास्तुशांत होती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची, नवी मुंबईत, बेलापूरला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी 'आर्टिस्ट व्हिलेज' या नावाने ओळखली जाणारी एक वसाहत आहे. विद्यार्थ्याचे वडील पूर्वी गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून त्यांनी पैसा पैसा साठवला आणि या वसाहतीतले एक उतारू कौलांचे घर विकत घेतले. ते घर पाडून मुलाने त्याच जागेवर तीन मजली इमारत उभारली होती. खाली आई-वडील, वर धाकटा भाऊ, त्याच्याही वर हा स्वतः. जिन्याला कठडा पोलादी, पायऱ्यांना ग्रॅनाइट. म्हातारा घरभर फिरून भिंतींवरून हात फिरवीत होता.

सकाळी होम चालू असतानाच वास्तुरचनेच्या महाविद्यालयातील दोन मुले हातात वह्या घेऊन चौकात आली होती म्हणे. त्यांना जुने घर पाहायचे होते. ते उरले नाही असे कळल्यावर त्यांतला एक जण हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असा, म्हणाला की चार्ल्स कोरियांचे घर तुम्ही नासवलेत. जेवणे झाल्यावर माझा विद्यार्थी सुपारी कातरीत माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, आम्ही पाप केलं का हो?"

मी मान हलवून वेळ मारून नेली. मास्तरला ही विद्या चांगली अवगत असते. पण परतीच्या गाडीत बसल्यावर प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसला, आणि तेव्हापासून उठलेला नाही.

ज्यांचे घर 'नासवले' ते कोरिया कोण होते, हे आधी पाहायला हवे. मूळ गोव्याचे हे कुटुंब. चार्ल्स कोरियांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. कॉलेज मुंबईत, पुढचे शिक्षण अमेरिकेत मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्स येथे. आणि १९५८ पासून मुंबईत स्वतंत्र व्यवसाय. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतच ते वारले. मानसन्मान पुष्कळ मिळाले. पद्मविभूषण मिळाले, ब्रिटनमधील वास्तुशिल्पींच्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. ही यादी लांबवता येईल; पण माणसाची ओळख पदकांनी होत नाही, त्याच्या हट्टांनी होते. कोरियांचा हट्ट एका वाक्यात सांगता येतो: आपल्या देशात उघड्या आभाळाखालची जागा ही खोलीइतकीच घराचा भाग असते. उन्हाळ्यातली रात्र आपण गच्चीवर काढतो, हिवाळ्यातली सकाळ अंगणात काढतो, आणि दुपार तेवढी छपराखाली. मग घराचा हिशेब करताना छपराखालचे चौरस फूट तेवढेच का मोजावे?

हे तत्त्व त्यांनी आरंभीच्याच कामात उतरवले. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय १९६३ साली नेहरूंच्या हस्ते उघडले. विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, सहा सहा मीटरांचे चौरस खण. काही बंदिस्त, काही मोकळे, मध्ये पाण्याचा चौक. खिडक्यांना काचेची तावदाने नाहीत, लाकडी झडपा आहेत. या इमारतीत कोठेही 'दर्शनी भाग' म्हणून छाती काढून उभा राहिलेला नाही. आणि खण असे विखरून मांडले आहेत की पुढे गरज पडली तर आणखी खण जोडावेत. बापूंच्या नावाची वास्तू कधी पूर्ण झाली असे म्हणूच नये, असे त्या तरुण माणसाला वाटले असावे. तेव्हा त्याने तिशी नुकती ओलांडली होती.

त्याच सुमारास, १९६१-६२ मध्ये, अहमदाबादेत त्यांनी एक लांबोडके घर बांधून दाखवले. रुंदी चार मीटरांहूनही कमी, लांबी सुमारे अठरा. आत उतरते छत. तापलेली हवा त्या उतारावरून वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. चुलीवरचा धूर धारावाटे कसा जातो हे पाहिलेल्या कोकणातल्या कोणत्याही म्हातारीला हे घर समजले असते. ते घरही पुढे पाडले गेले.

मुंबईत पेडर रोडच्या बाजूला त्यांची 'कांचनजंगा' ही अठ्ठावीस मजल्यांची इमारत आहे; ती १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईच्या घराची अडचण मोठी मजेदार आहे. वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही पश्चिमेलाच दिसतो. पण दुपारचे ऊन आणि पावसाची झड याही पश्चिमेकडूनच येतात. जिकडून सुख तिकडूनच दुःख. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: भोवताली पडवी. ऊनपाऊस पडवीने झेलावा आणि वारा तेवढा आत सोडावा. कोरियांनी ही पडवी उचलून आभाळात नेली. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची ठेवली, तिच्यात झाडे लावली. युक्ती सुंदर आहे. पण ती फक्त बत्तीस कुटुंबांच्या, आणि तीही लक्षाधीशांच्या वाट्याला आली. हे कोरियांना स्वतःलाही कळत असले पाहिजे. कारण त्यांच्या मनाचा ओढा सारखा दुसरीकडे होता.

दुसरीकडे म्हणजे खाडीपलीकडे. मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चालली आहे, तिला पूर्वेला नवे शहर द्या, ही सूचना त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर १९६०-७० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. ती सरकारने उचलली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि पुढली चार वर्षे कोरिया नव्या मुंबईचे मुख्य वास्तुशिल्पी होते. बेलापूरची वसाहत त्यानंतरची, १९८३ ते ८६ मधली. सुमारे सहा हेक्टर जमीन, आणि तीत दर हेक्टरी पाचशे माणसे बसवायची. एवढी दाटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चार मजली चाळ येते. कोरियांनी सिद्ध केले की बसक्या, सुट्या घरांतही तेवढीच माणसे सुखाने राहू शकतात.

त्यांचा हिशेब असा. सात घरांच्या मध्ये एक चौक, सुमारे आठ मीटर लांब आणि तितकाच रुंद. अशा तीन सप्तकांच्या मध्ये थोडा मोठा चौक. तसे चौक मिळून त्याहून मोठे मैदान. वसाहतीच्या मधून एक ओढा वाहतो, तो त्यांनी बुजवला नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन. सर्वांत लहान तुकडा सुमारे पंचेचाळीस चौरस मीटरांचा, मोठा पंचाहत्तरांच्या आत. म्हणजे कमी मिळवणारा आणि बरे मिळवणारा यांच्यात जमिनीपुरते तरी फारसे अंतर नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कोणत्याही दोन घरांत सामायिक भिंत नाही. सामायिक भिंत नसली की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येते. मुलाचे लग्न झाले, एक खोली चढवा. पैसे साठले, पुढे ओसरी काढा. घरे मुद्दाम साधी ठेवली, गावच्या गवंड्याला कळतील अशी. घर बांधणाऱ्याने राहणाऱ्याच्या हाती थापी देऊन ठेवली.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो.

मी कादंबरीकार असल्यामुळे माझी पहिली सहानुभूती साहजिकच कर्त्याकडे गेली. माझी कादंबरी विकत घेऊन कोणी रद्दीत घातली तर मला बोलायला तोंड नाही; पण तिचे शेवटचे प्रकरण बदलून ती माझ्याच नावावर कोणी छापली तर मी भांडेन. वास्तूच्या बाबतीत हेच भांडण आपल्या देशात न्यायालयापर्यंत गेलेले आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली उभी राहिलेली 'हॉल ऑफ नेशन्स' ही इमारत २०१७ साली पाडण्यात आली. तिचे वास्तुशिल्पी राज रेवाल यांनी दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली ती फेटाळली. जमीन आणि इमारत ज्याची, त्याला ती पाडण्याचा अधिकार आहे; आणि जी वस्तू आता दिसतच नाही तिच्यामुळे कर्त्याच्या लौकिकाला बाध येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. म्हणजे कर्त्याला तक्रारीला जागा असलीच तर ती अर्धवट मोडतोडीबद्दल. सपाट करण्याबद्दल नाही. या न्यायाने माझा विद्यार्थी निर्दोष ठरतो. त्याने कोरियांच्या घराचे एक कौलही शिल्लक ठेवले नव्हते!

कायदा येथे संपतो. मन मात्र संपत नाही. कारण पुस्तक आणि घर यांत एक भेद आहे. पुस्तक आवडले नाही तर मिटून ठेवता येते. घर मिटून ठेवता येत नाही. त्यात आजारी पडावे लागते, भांडावे लागते, मरावे लागते. ज्याला त्यात मरायचे आहे त्याने ते कलाकृती म्हणून जपावे असे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. आणि बेलापूरच्या बाबतीत तर कर्त्यानेच आधी मोकळीक दिली होती. वहीत रेखाचित्रे काढायला आलेली ती मुले कोरियांच्या रेघेशी जितकी एकनिष्ठ होती तितके कोरिया स्वतः नव्हते. घर वाढवा, ही सूचना घराच्या जोत्यातच लिहिलेली होती. ज्याने शिष्याला स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकवले त्या गुरूला शिष्य चालू लागल्यावर तक्रार करता येत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

तर मग पाप कसले? येथे मी जवळजवळ समाधान मानून बसलो होतो. पण त्या दिवशी पाहिलेली दोन दृश्ये डोळ्यांपुढून हलेनात.

पहिले दृश्य. जेवणाच्या पंगतीतून उठून हात धुवायला मी मागच्या अंगाला गेलो. शेजारी एक जुने घर अजून तसेच आहे. कौलाला शेवाळ, दारात कोरफड. तेथली आजी दोरीवरचे कपडे काढून घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन वाळत घालीत होती. मी सहज विचारले तर म्हणाल्या, "आता इकडं ऊन येत नाही ना, दुपारपासून." तक्रार अशी त्यांच्या आवाजात नव्हतीच. एखाद्या ऋतूबद्दल बोलावे तशा त्या बोलल्या.

कोरियांच्या हिशेबात चूक कोठे झाली असेल तर ती येथे. घर थोडे थोडे वाढेल, एकेक खोलीने वाढेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. पण आपल्याकडे पैसा थेंबाथेंबाने येत नाही. बरीच वर्षे येतच नाही, आणि मग एकदम येतो, कर्जाच्या रूपाने येतो. तो आला की माणूस ओसरी काढीत नाही. सगळे पाडून काँक्रीटचे खांब उभे करतो. आणि दुसरे असे की जमीन समान वाटता येते, ऐपत वाटता येत नाही. सात घरांना जवळजवळ सारखी जमीन दिली. त्यांतले एक तीन मजले चढले, आणि शेजारचे ज्याला चढता आले नाही ते त्याच्या सावलीत गेले. पूर्वी विषमता जमिनीत होती, आता ती आभाळात गेली एवढेच.

दुसरे दृश्य चौकातले. नव्या घराचा बाहेरचा जिना चौकात दोन हात पुढे आला होता. त्या जिन्याखाली मोटारसायकल, तिच्यापुढे समोरच्या घरवाल्याची मोटार. मांडवात मुले खेळत होती ती या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. आठ मीटरांच्या चौकातले खेळण्याजोगे किती उरले होते ते मी मोजले नाही. मुलांचे अंग चोरणे पाहिले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की कोरियांनी दोन प्रकारच्या मोकळ्या जागा मागे ठेवल्या होत्या. एक प्रत्येकाच्या तुकड्यात, घर वाढायला. दुसरी सात जणांच्या मध्ये. ती मोकळीच राहायला. पहिली त्यांनी राहणाऱ्याला देऊन टाकली. तिच्यावर ना त्यांचा हक्क, ना त्या वहीवाल्या मुलांचा. दुसरी मात्र ना कोरियांची, ना माझ्या विद्यार्थ्याची. ती सातांची, म्हणून कोणा एकाची नाही. आपली सारी नीती या दुसऱ्या प्रकारच्या जागेवर येऊन अडते. स्वतःच्या वस्तूचे काय करावे हे आपल्याला कळते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हेही लहानपणी कळते. पण जी वस्तू माझीही आहे आणि दुसऱ्याचीही आहे तिच्याशी कसे वागावे, हे कोणत्या इयत्तेत शिकवतात? मी इतकी वर्षे शिकवतो आहे. मला तो धडा पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

आणि हा दोष हमालाच्या मुलाचाच आहे असे कोणी समजू नये. ज्या गिरणगावातून त्याचा बाप बाहेर पडला तेथील सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय झाले ते आठवावे. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक भाग शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक भाग सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, असा वाटणीचा नियम १९९१ साली झाला होता. १९९६ साली त्या जमिनींचा एकत्र विचार करण्यासाठी सरकारने कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने आराखडा दिला. तो कागदावर राहिला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सहाशे एकरांच्या चौकात मोठ्यांनी आपापले जिने पुढे काढले. आमच्या पोराचा जिना दोन हातांचा.

हे लिहिताना मला बरे वाटत होते. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले की कोणालाही बरे वाटते. पण या ठिकाणी मला खुर्चीवरून उतरले पाहिजे.

राजापूर तालुक्यात आमचे घर आहे. आजोबांनी बांधलेले, चिऱ्याचे. पुढे मोठे सारवलेले अंगण, मध्यावर तुळशीवृंदावन. बारा वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. खोल्या वाटल्या, भांडी वाटली, आणि अंगणाचा प्रश्न निघाला. अंगण सामायिक ठेवू, असे म्हणणे सोपे होते. पण सामायिक म्हटले की सारवायचे कोणी, माटव कोणी घालायचा, आंब्याची साठे वाळत घालायला आधी कोण, या सगळ्यात दर दिवशी एकमेकांचे तोंड पाहावे लागते. तोंड पाहायची आमची तेव्हा तयारी नव्हती. अंगणातून छातीइतकी भिंत घालावी, असे ठरले. मी ठरवले असे म्हणत नाही, भावाने ठरवले असेही म्हणत नाही, ठरले. वृंदावन भावाच्या बाजूला गेले. आईने त्या वर्षी तुळशीचे लग्न भिंतीच्या अलीकडून पाहिले. ती काही बोलली नाही. तीही त्या आजीसारखीच, ऋतू बदलला असे समजणारी.

त्या भिंतीला कोणा वास्तुशिल्पीचा आराखडा नव्हता. ती दोन राहणाऱ्यांनी स्वतःच्या पूर्ण हक्काने घातली. म्हणून मला असे वाटते की बांधणारा आणि राहणारा या दोघांत घर कोणाचे, हा वाद खरा असला तरी तो वरवरचा आहे. घर राहणाऱ्याचेच. कितीही थोर वास्तुशिल्पी झाला तरी त्याने राहणाऱ्याला जागा करून देऊन बाजूला व्हावे. आणि कोरियांचा मोठेपणा मला कांचनजंगाच्या उंचीपेक्षा या बाजूला होण्यात अधिक दिसतो. पण बाजूला होणाऱ्याने मागे ठेवलेले अंगण हे राहणाऱ्यावरचे ऋण असते. वास्तुशिल्पी अंगण आखू शकतो. अंगण राखू शकत नाही. ते रोज कोणी तरी झाडावे लागते, रोज थोडे सोडून द्यावे लागते. कागदावरच्या रेघेत तेवढे बळ नसते.

मी विद्यार्थ्याला पत्र लिहिले. हल्ली पत्र कोणी लिहीत नाही, पण आमची जात जुनी. लिहिले की, "बाबा रे, घर पाडलेस त्यात पाप काही नाही. तुझ्या वडिलांच्या पाठीवरच्या घट्ट्यांनी ते घर घेतले, त्यांना ग्रॅनाइटच्या पायऱ्या चढताना पाहून मला आनंदच झाला. पण तो बाहेरचा जिना आत घेता आला तर पाहा. आणि शेजारच्या आजींचे कपडे तुझ्या गच्चीवर वाळत घालायला सांग. तेथे ऊन भरपूर आहे."

उत्तर फोनवर आले. आजींचे कपडे आता गच्चीवर वाळतात. त्याची बायकोच जाऊन बादली घेऊन येते, असे त्याने सांगितले. जिन्याबद्दल तो म्हणाला, "गुरुजी, बघू या." 'बघू या' म्हणजे काय, ते मास्तरला वेगळे सांगावे लागत नाही. जिना तेथेच आहे.

मलाही मग या दिवाळीत गावी जाणे भाग आहे. छातीइतकी भिंत, चार चिऱ्यांचे थर. भावाला काय सांगायचे ते मी गाडीत ठरवीन. तो बहुधा म्हणेल, बघू या.